अनुराधेचा नेम नाही

आमच्या भागात नळाला पाणी येण्याचा वार ठरलेला आहे आणि तो कधीच पाळला जात नाही. कधी सहाव्या दिवशी, कधी नवव्या. कधी पहाटे, कधी रात्री दीडला. त्यामुळे उन्हाळ्यात गल्लीतलं कुणी ना कुणी जागं असतं. परवा माझी पाळी होती. मोटार लावली आणि टाकी कितपत भरली ते बघायला गच्चीवर गेलो. झाकण उघडून टॉर्च मारला, पाणी अर्ध्यावर. म्हणजे वीस मिनिटं मोकळी. मान वर केली तर दक्षिणेला, आकाशात जवळजवळ निम्म्या उंचीवर, विंचू पसरलेला.

शेजारच्या गच्चीवरून काकांनी विचारलं, "सर, वर काय बघायलात? पाणी खाली यायलंय."

"अनुराधा बघायलोय," मी म्हणालो. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या इमारतीच्या गॅलरीकडे.

त्यांचा गैरसमज दूर करायला वेळ लागला, पण अनुराधा त्यांच्या ओळखीचीच निघाली. मराठवाड्यात महालक्ष्म्या बसवणारं घर अनुराधेला विसरूच शकत नाही. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठेवर, विसर्जन मुळावर. हे तिन्ही मुक्काम विंचवाच्या अंगावर आहेत. लाल ज्येष्ठा म्हणजे विंचवाचं काळीज, मूळ त्याच्या शेपटीला आणि ज्येष्ठेच्या उजवीकडे एकाखाली एक अशा ज्या तीन तारका दिसतात, ती अनुराधा. गोष्ट आहे ती त्यांतल्या मधलीची.

सूर्यसिद्धान्तात अनुराधेची योगतारा, म्हणजे नक्षत्राची खूण म्हणून धरायची तारा, हीच मधली सांगितली आहे. हे शास्त्र आपल्या अंगणात शिकवलं जात होतं. कन्नडचा घाट उतरला की पाटण लागतं. देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला. 1207 सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. त्या ग्रंथांनी योगतारांच्या जागा अंशांमध्ये नोंदवल्या. त्या किती तेजस्वी, याचा आकडा मात्र सूर्यसिद्धान्त देत नाही. तारा आहे तिथे आहे आणि आहे तेवढीच तेजस्वी आहे, असंच सगळे धरून चालले असावेत.

आधुनिक खगोलशास्त्रानेही या तारेवर तसाच विश्वास टाकला होता. तेजाच्या मोजपट्टीवर तिची प्रत 2.3 लिहिलेली. या पट्टीवर आकडा जितका लहान, तितकी तारा ठळक. मग 2000 सालच्या मध्यात अर्जेंटिनातले सेबास्टियान ओतेरो हे हौशी निरीक्षक नुसत्या डोळ्यांनी आकाश बघत होते आणि त्यांना मधली तारा नेहमीपेक्षा उजळ वाटली. दुर्बिणी असलेल्या कुठल्याही मोठ्या वेधशाळेच्या आधी हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती 1.6 प्रतीपर्यंत चढली, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट तेजस्वी झाली. नंतर उतरली, पुन्हा चढली. या चढउताराला वेळापत्रक नाही.

कारण थोडंफार कळलेलं आहे. ही तारा अतिशय तापलेली आहे आणि स्वतःभोवती भयंकर वेगाने फिरते. त्या फिरण्यात तिच्या मध्यावरून वायू बाहेर फेकला जातो, त्याची भोवती चकती होते आणि ती चकतीही प्रकाशते. चकती भरली की तारा उजळते, विरली की मंदावते. तिला एक जोडीदार तारा आहे. तो लांबट कक्षेतून साधारण पावणेअकरा वर्षांनी अगदी जवळ येऊन जातो. 2000, 2011 आणि 2022 साली तो येऊन गेला. 2000 मधली गडबड त्यानेच केली असेल, असा तर्क झाला. पण 2011 साली तो आला तेव्हा चकतीला फारसा धक्का लागला नाही. जोडीदाराला नेम आहे, तारेला नाही.

ती चारशेहून जास्त प्रकाशवर्षं दूर आहे. आज दिसणारा तिचा उजेड निघाला तेव्हा आमचं गाव, म्हणजे मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेली खडकी, वसायचं होतं किंवा नुकतं वसत होतं. त्याच मलिक अंबरने या गावाला जमिनीखालून नहर आणली. त्याच गावात आपण पाण्यासाठी रात्र जागवतो, हे काकांनी मला ऐकवलं, मी त्यांना नाही.

बेभरवशाच्या गोष्टीला पंचांग चालत नाही, पहारा लागतो. पाण्याच्या बाबतीत हे आपण निमूट मान्य केलंय. आकाशाच्या बाबतीत ते आनंदाने करणारे लोक आहेत. बंगालमध्ये जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखणारे राधागोविंद चंद्र रात्री बदलत्या ताऱ्यांचं तेज पारखत. अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेकडे त्यांनी अशा सुमारे 37 हजार नोंदी पाठवल्या. ना पदवी, ना वेधशाळा. नाणं खरं की खोटं हे शेजारच्या नाण्याशी ताडून बघायची सवय तेवढी होती.

अनुराधेलाही तेवढंच लागतं. वरची तारा 2.6 प्रतीची, खालची 2.9 ची, डावीकडची ज्येष्ठा साधारण 1 ची. मधली यांत कुठे बसते, ते अंदाजाने ठरवायचं आणि तारखेसह वहीत लिहायचं. शहराच्या उजेडातही हे जमतं. म्हैसमाळसारख्या अंधाऱ्या जागी गेलात तर सुखाने जमतं. पावसाळी ढग भरून यायच्या आत चार-पाच नोंदी होतील. त्यानंतर महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या संध्याकाळी आभाळ मोकळं असेल, तर नैऋत्येला चंद्र दिसेल. अनुराधा त्याच्या आसपासच असते. उजेडात ती हरवली, तर दोन दिवसांनी पुन्हा बघा.

परवा टाकी भरून वाहू लागली. खालून हाक आली तेव्हा काका आणि मी दोघंही वरच बघत होतो. माझ्या वहीत त्या रात्रीची नोंद आहे: मधली तारा वरचीपेक्षा स्पष्ट ठळक, ज्येष्ठेपेक्षा कमी. पाणी, एक वाजून चाळीस.