मी कुठं तोडलं? मी विकत घेतलं!

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या भागात वाण म्हणून आमरी वाटायची टूम निघाली. आमरी म्हणजे ऑर्किड. स्टीलच्या वाट्या झाल्या, प्लास्टिकचे डबे झाले, मध्ये दोन-तीन वर्षं तुळशीची रोपं झाली, आता हे. नारळाच्या सोडणाचा तुकडा, त्याला सुतळीनं आवळलेली चार-सहा बिनपानांची कांडी आणि कांड्यांवर पांढरी नाजूक फुलं. 'पर्यावरणपूरक वाण' म्हणून कौतुक झालं, फोटो फिरले. ज्या घरी असं वाण आलं असेल त्यांना त्याचं नाव सांगते. ते डेंड्रोबियम बार्बाट्युलम, पश्चिम घाटाची प्रदेशनिष्ठ जात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीपासून पानं गाळून फुलायला लागते. रोपवाटिकेत तिची लागवड केलेली मी आजवर पाहिलेली नाही.

मी विचारलं, कुठून आणलीत ही? बाजारातून. बाजारात कुठून आली? "रानातून आणतात की त्या बाया." आणि रानातून ओरबाडून आणलेली चालते का आपल्याला, असं विचारल्यावर जे उत्तर मिळालं तेच या लेखाचं नाव आहे. उत्तर देणारी बाई चांगली आहे, शिकलेली आहे, चातुर्मासात हिरवी भाजीसुद्धा सोडते. त्या एका वाक्यानं मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

बायांनो, आपण १०८ मण्यांची माळ ओढतो. हे १०८ कुठून आले, पाठशाळेत शिकवलेलं आठवतं का? संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, त्याच्या चौपट एकशे आठ. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला 'छान' म्हटलेलं, तिन्ही एकाच हिशोबात धरलेली आहेत. मग "मला चाळीस नग लागतील, परवापर्यंत आणून दे" म्हणून आगाऊ पैसे देणारी कोण? कारित. आणि फोटोखाली हात जोडून 'अप्रतिम कल्पना' लिहिणारी? ती अनुमोदना. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. बटाटा खाल्ला नाही म्हणून हा हिशोब मिटत नाही. एकेंद्रिय जीव कंदातच राहतो आणि झाडाच्या खोडावर राहत नाही, असं तर कुणी सांगितलेलं नाही ना?

आता त्या कांड्यांची गोष्ट. आमरीच्या एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. पिठासारख्या बारीक, वाऱ्यावर उडणाऱ्या. एवढ्या बिया असल्यावर चार झाडं काढली तर काय बिघडलं, असं वाटतं. पण भाताच्या दाण्यात, हरभऱ्यात अंकुराला पुरेल एवढा शिधा असतो, तसा या बीत काहीच नसतो. सालीवर जिथं ती पडेल तिथं एका विशिष्ट बुरशीची गाठ पडली तर ती बुरशी तिला सुरुवातीला पोसते. गाठ नाही पडली तर बी वाया. बहुतेक वायाच जातात. जी रुजते तिला फुलावर यायला काही वर्षं लागतात. त्यातही रानात फार थोड्या फुलांना फळ धरतं. म्हणजे बाजारात फुलासकट जो गठ्ठा येतो ती त्या झाडावरची लेकुरवाळी असते, पुढचं बी तीच देणार असते. फुललेलीच काढायची, कारण फुललेलीच विकली जाते. यापेक्षा वाईट निवड शोधून सापडणार नाही.

आणि घरी आणून ती जगते का? "माझ्या हाताला ऑर्किड लागतच नाही गं," हे मी किती जणींकडून ऐकलं असेल! हाताला दोष देऊ नका. आमरीची मुळं सालीला चिकटलेली, चपटी झालेली असतात. त्यांच्यावर पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस, धुकं, दव जे मिळेल ते ते शोषून घेतं. ओली झाली की मुळं हिरवट दिसतात, वाळली की पुन्हा चांदीसारखी. झाडावरून खेचताना ही मुळं सालीवरच राहतात आणि आपल्या हाती येतं ते नुसतं कांडं. कांड्यात पाणी असतं, साठवलेलं अन्न असतं. त्या शिदोरीवर ते फुलतं, आणि आपण म्हणतो, "बघा, लागलं!" ते लागलेलं नसतं, बरं का. कांडी सुरकुतायला लागली की आपण दिवसातून तीनदा पाणी घालतो. मूळच नाही तर पाणी पिणार कोण? सोडण कुजतं, बुडाला बुरशी येते आणि मे महिन्यापर्यंत सगळं वाळून पाचोळा होतो. पुढच्या संक्रांतीला दुसरा गठ्ठा.

"बांडगूळच ते, काढलं तर झाडावर उपकार," हेही ऐकलं. बांडगूळ वेगळं. ते झाडाच्या आत शिरून त्याचा रस ओढतं. आमरी झाडावर नुसती बसलेली असते, माडीवरच्या भाडेकरणीसारखी, आणि तीही घरमालकाच्या चुलीला हात न लावणारी.

त्याहून चलाख सबब दुसरी. एका ठिकाणी मला सांगितलं गेलं, "आमची पडलेल्या फांदीवरची आहे. शुक्ललेश्या!" लेश्यांचं चित्र आपल्या पुष्कळ मंदिरांत असतं. जांभळाचं झाड आणि सहा माणसं. कृष्णलेश्येचा झाड मुळासकट पाडायला निघालेला, कुणी खोड तोडतो, कुणी फांद्या, कुणी घोस, कुणी नुसती पिकली फळं, आणि शेवटचा खाली पडलेली जांभळं वेचतो. लहानपणी मी ते चित्र बघत उभी राहायचे. पण त्या शेवटच्या माणसाची सही या सुतळी बांधलेल्या गठ्ठ्यावर कशी चालेल? फांद्या मोडतात वळवाच्या वादळात आणि आषाढातल्या वाऱ्यात. बाजारात गठ्ठे येतात जानेवारीत, आकाश निरभ्र असताना, टोपल्या भरून. एवढ्या फांद्या पडल्या कधी? खरंच पडलेली फांदी दिसली तर आमरीला तिथल्याच शेजारच्या झाडाला सुती दोरीनं बांधावं, पावसाळ्यात ती पुन्हा मूळ धरू शकते. जांभूळ वेचणाऱ्यानं भूक भागवली होती. आपल्या बाल्कनीला कसली भूक लागली आहे? प्रयोजन नसताना केलेल्या हिंसेला आपल्याकडं अनर्थदंड असा स्वतंत्र शब्द आहे, तो उगाच नाही.

राहिली ती विकणारी बाई. "तिचं पोट आहे त्यावर" असं म्हणताना आपला आवाज एकदम कनवाळू होतो. तीच बाई करवंदं, जांभळं, अळू आणते तेव्हा आपण दहा रुपयांसाठी तिच्याशी घासाघीस करतो. तिचं पोट एवढं मनावर असेल तर करवंदांचे सांगेल ते पैसे द्या. करवंदाची जाळी पुढच्या वर्षी पुन्हा फळते. मी तिला दोष देणार नाही. तिच्या टोपलीत काय असावं हे ती ठरवत नाही, आपण ठरवतो. मागच्या बाजाराला जे खपलं ते ती पुढच्या बाजाराला आणणार.

हौशी माणसानं रान कसं रिकामं केलं याचा दाखला आपल्याच देशात आहे. १८५० साली जोसेफ हूकर हा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ खासी टेकड्यांत फिरत होता. तिथली निळी वांडा पाहून तो वेडावला. लंडनच्या क्यू बागेसाठी त्यानं सात माणसांच्या पाठीवर होतील एवढी झाडं काढवली आणि पाठवली. त्यातली फारच थोडी जिवंत पोचली. हे त्यानं स्वतःच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या एका गृहस्थाचं एकाच माणसाचं ओझं अगदी वाईट अवस्थेत पोचलं, तरी ३०० पौंडांना विकलं गेलं, हेही लिहिलं आहे. एका ओझ्याला एवढी किंमत येते हे कळल्यावर पुढं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या रानात तर मिलिकन नावाच्या एका संग्राहकानं सुमारे दहा हजार आमरींसाठी चार हजार झाडं पाडली आणि १८९१ च्या पुस्तकात ते बिनदिक्कत छापलं. त्या साहेबांना आपण नावं ठेवतो. त्यांच्या बायका काचघरात ती फुलं मिरवत होत्या. आपल्याकडं काचघर नाही एवढंच.

आणि त्या वेळी निदान दुसरा मार्ग नव्हता. बुरशीशिवाय आमरीचं बी रुजवायचं कसं हे कुणाला नीट साधलेलं नव्हतं. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या जेलीवर ते रुजवून दाखवलं. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकाच्या एवढ्याशा पेशींपासून एकसारखी रोपं करण्याचा मार्ग दाखवला. आज दुकानात दिसणारी जांभळी-पांढरी डेंड्रोबियम आणि फुलपाखरासारखी फॅलेनॉप्सिस यांची रोपं अशीच बाटलीत वाढलेली असतात. म्हणजे या हौसेला रानातलं एक पानही लागत नाही. तरी आपण रानातली घेतो, का? स्वस्त पडते म्हणून. चाळीस वाणांचा हिशोब बसतो म्हणून. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

ओळखायची कशी, असं प्रामाणिकपणे विचारणाऱ्याही आहेत, त्यांच्यासाठी सांगते. रोपवाटिकेतली आमरी कुंडीत असते, रांगेत सगळ्या साधारण एका मापाच्या, मुळं कोळशात-सोडणात गुंतलेली, बहुतेक वेळा नावाची चिठ्ठी लावलेली. रानातली गठ्ठ्यानं किंवा टोपलीत येते. एक लहान, एक मोठी, पानं किडीनं कातरलेली, बुडाशी सालीचा तुकडा किंवा शेवाळ, मुळं चपटी आणि तुटकी. विकणाऱ्याला नाव विचारलं तर 'जंगली ऑर्किड' एवढंच सांगेल. हे शिकायला दोन मिनिटं लागतात. साडीचा पोत बोटांनी ओळखणाऱ्या आपल्या बायकांना हे जड जाऊ नये.

कायद्याचंही एक वाक्य. जगातल्या सगळ्या आमरी 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. भारतानं तो १९७६ मध्ये स्वीकारला. खानापूर तालुक्यातल्या भीमगडसारख्या अभयारण्यातून त्या काढणं हा उघड गुन्हा आहे. पण वनखात्याच्या भीतीनं थांबणारी बाई उद्या भीती गेली की पुन्हा घेईल, म्हणून त्यावर मी जास्त बोलत नाही.

आपल्या बायकांना या फुलाचं वेड नवं नाही. सीतेची वेणी हे नाव कुण्या शास्त्रज्ञानं दिलेलं नाही. मे-जूनमध्ये जांभूळ-आंब्याच्या फांदीवरून लोंबणारे ते गुलाबी ठिपक्यांचे घोस पाहून कुणा बाईलाच ते सुचलं असणार. कन्नड शेजारणी त्याच फुलाला सीताळे दंडे म्हणतात. आसामात ते बिहूला केसांत माळतात, तिथं ते राज्यफूल आहे. माळायला एक घोस घेतला तरी झाड झाडावर राहतं. सोडणाला बांधायला मात्र अख्खी सीताच उपटावी लागते.

पुढच्या हळदीकुंकवाला काय वाटायचं हा प्रश्न उरतो. काही वाटलंच पाहिजे असं नाही, पण हौस असते, मला मान्य आहे. आमरीच हवी असेल तर रोपवाटिकेतली मोजकी घ्या, वाढवा आणि पिल्लं द्या. माझ्याकडच्या रोपवाटिकेच्या डेंड्रोबियमला जुन्या कांड्यांवर यंदा नऊ पिल्लं धरली आहेत. त्यांची मुळं दोन-तीन बोटं लांब झाली की पावसाच्या तोंडावर ती अलगद काढून बारक्या कुंडीत लावायची, एवढंच काम आहे. कुंडीला बुडाशी आणि बाजूला भोकं हवीत. आत माती अजिबात नको. कोळशाचे तुकडे, विटेचे खडे आणि दोन दिवस पाण्यात भिजवून पिळलेलं सोडण घाला. ऊन सकाळचं द्या. मुळं पांढरी दिसली की पाणी घाला, हिरवी असतील तर थांबा. सात पिल्लं द्यायची आहेत. ज्यांना हवी त्यांनी मृगाच्या आधी सांगावं, आणि कोळसा घरून आणावा, माझ्याकडचा संपला आहे.