दीड इंचाचा प्रश्न

शाळांना सुट्टी लागली की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. भारतातून आई-वडील येणार आणि एक शनिवार अम्युझमेंट पार्कला जाणार. गेल्या ऑगस्टमध्ये आम्हीही चार कुटुंबं मिळून गेलो. दोन व्हॅन, डबाभर पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, सगळं यथासांग.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, उंची साडेशेहेचाळीस इंच. मोठ्या रोलर कोस्टरच्या तोंडाशी मोजपट्टी होती ४८ इंचांची. तिथला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा "सॉरी सर" म्हणाला आणि चिरंजीवांनी भोकाड पसरलं. मी हुज्जत घातली. "दीड इंचाने काय आभाळ कोसळणार आहे?" तिकिटाचे पैसे, पार्किंगचे पैसे, दोन तासांचा ड्राइव्ह, सगळं त्याला ऐकवलं. तो बधला नाही. मग आमच्यातल्याच एका अनुभवी गृहस्थांनी तोडगा सुचवला : बुटात मोज्यांच्या घड्या! तासाभराने दुसऱ्या एका कोस्टरवर, तशाच ४८ इंचांच्या पट्टीखालून, तो खपून गेला.

जुना लाकडी कोस्टर. दोघांत मिळून एकच आडवा बार. तो माझ्या मांड्यांवर टेकला आणि थांबला. मुलाच्या मांड्या आणि बार यांच्यामध्ये चांगली हातभर जागा उरली. पहिल्याच उतारावर तो बाकावरून वर उचलला गेला. उरलेला वेळ मी त्याला एका हाताने दाबून धरलं. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "बाबा, अगेन!" माझे पाय मात्र लटपटत होते.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या प्रोग्रॅममध्ये कोणी खोटी माहिती भरली की मी चिडतो. इथे मीच एका यंत्राला खोटा आकडा दिला होता, आणि तोही स्वतःच्या मुलाचा.

घरी आल्यावर थोडं वाचलं. उंचीची अट म्हणजे वयाची परीक्षा नव्हे, की वकिलांनी घातलेली भीती नव्हे. डिझाइन करणारा इंजिनिअर आधी ठरवतो की ह्या सीटवर अमुक उंचीपासून अमुक उंचीपर्यंतची माणसं बसतील. मग त्या मापाला बार कुठे टेकेल, हात कुठे पोचतील, डोकं कशाला टेकेल, हे बेततो. दारावरच्या पोराकडे फक्त एक काठी असते. मुलाचा कमरेचा सांगाडा केवढा, सांगितल्यावर ते स्थिर बसेल का, ह्या सगळ्याचा अंदाज तो त्या एका काठीने घेतो. ४८ हा आकडा यंत्राचाच एक भाग आहे, एखाद्या बोल्टसारखा. बुटात मोजे घालणं म्हणजे बोल्ट ढिला करणं.

वरच्या मर्यादेचंही तसंच. मार्च २०२२ मध्ये ऑर्लँडोच्या फ्री फॉल टॉवरवरून १४ वर्षांचा एक मुलगा पडून गेला. उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा होती १३० किलो. त्याचं वजन त्याहून बरंच जास्त होतं. पण दारात कोणी वजन केलं नाही. शिवाय त्याच्या सीटचा सेन्सर हाताने असा बदललेला होता की हार्नेस नेहमीपेक्षा जास्त उघडा असूनही यंत्राने "सर्व ठीक" असं मानलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटते. थेरॅक-२५ ह्या रेडिएशनच्या यंत्रात जुन्या मॉडेलमधली यांत्रिक कुलपं काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती, आणि १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना प्रचंड जादा डोस बसला. एकच तपासणी, आणि तीच आपण वाकवलेली, म्हणजे तपासणी नाहीच.

तुम्ही म्हणाल, हे बघायला सरकार आहे ना? आहे, पण अर्धवट. गावोगाव फिरणाऱ्या जत्रेतल्या राइड्स केंद्राच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या कक्षेत येतात. एका जागी कायम असलेल्या पार्कमधल्या राइड्स मात्र १९८१ साली काँग्रेसने त्या कक्षेतून काढून टाकल्या. तेव्हापासून जसं राज्य तसा कायदा. माझं मत विचाराल तर ही फट बुजवायला हवी. बाळाच्या पाळण्याला देशभर एक नियम आणि ताशी सत्तर मैलांनी पळणाऱ्या पाळण्याला राज्याराज्याची मर्जी, हे माझ्या तर्कात बसत नाही.

अपघात फार विरळा असतात, हे मला मान्य आहे. पार्कपर्यंतचा हायवे पार्कपेक्षा धोक्याचा, हेही मान्य. पण ते विरळा आहेत ते बऱ्याच अंशी ह्या कटकट्या अटींमुळेच. आणि मोजे घालून आपण त्या हिशेबातून स्वतःहून बाहेर पडतो.

आता आजी-आजोबांबद्दल. पाटीवर हृदयविकार, रक्तदाब, मानेचे-पाठीचे विकार आणि गरोदरपण लिहिलेलं असतं. उंची दाराशी मोजता येते, बायपास कोणाला दिसत नाही. ती अट पाळणारा फक्त बसणाराच. "एवढे डॉलर भरलेत तर बसा हो बाबा" हा आग्रह जेवणाच्या पंगतीत शोभतो, इथे नाही. शिवाय व्हिजिटर्स इन्शुरन्समध्ये आधीपासूनच्या आजारांचा खर्च बहुधा वगळलेला किंवा फार मर्यादित असतो. आपली पॉलिसी एकदा नीट वाचाच. आग्रहाचं बिल हॉस्पिटलकडून येतं.

तेव्हा ह्या उन्हाळ्यासाठी माझ्या चार सूचना, पटल्या तर घ्या. तिकीट काढण्याआधी मुलांची उंची घरीच मोजा आणि कोणत्या राइड्स मिळणार नाहीत ते त्यांना आदल्या रात्रीच सांगा. रडणं घरात आटपतं. बऱ्याच राइड्सच्या बाहेर नमुन्याची सीट ठेवलेली असते, शंका असेल तर आधी तिच्यात बसून पाहा. रांगेतल्या लोकांसमोर परत फिरण्यापेक्षा ते बरं. मंडळाच्या मेळाव्यात भाड्याने पाळणा किंवा राइड आणणार असू, तर कमिटीने राज्याची परवानगी आणि तपासणीचा कागद मागावाच. आणि चौथी : दारावरच्या पोराशी वाद घालू नका. मिनिटाला चार जण त्याच्याशी भांडत असतात, आणि तो आपल्याच मुलाची बाजू घेत असतो.

चिरंजीवांना परवा पुन्हा मोजलं. पावणेअठ्ठेचाळीस. म्हणजे अजून पाव इंच कमी. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "नाही." जूनमध्ये जाऊ तेव्हा तेवढा वाढला असेल तर उत्तमच. नसेल तर आई आणि ताई कोस्टरवर जातील, आणि आम्ही दोघं खाली बाकावर आइस्क्रीम खात त्यांची वाट बघू.