हुन्नर आणि हत्यार : बटणाचा हँडब्रेक आणि मागचे ब्रेक पॅड



आपल्या घराघरांत गाडीवर पोट असणारी माणसे पुष्कळ आहेत. कोणी टुरिस्ट गाडी चालवतो, कोणी साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, कोणाचा मुलगा आय.टी.आय.चा कोर्स करून गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली लागला आहे. या सर्वांच्या उपयोगाचे एक काम आज समजून घेऊ. ज्या गाडीला ओढायचा हँडब्रेक नाही, नुसते बटण आहे, त्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड कसे बदलावेत, हा आजचा विषय.

काम वरवर पाहता नेहमीचेच आहे. चाक काढा, कॅलिपर उघडा, जुने पॅड काढा, नवे बसवा. पण जुन्या सवयीने हात घातला तर पॅडच्या कामात आख्खा कॅलिपर मोडतो. नवा कॅलिपर पॅडच्या कितीतरी पट महाग. मोडला की बोल लागतो तो हाताखालच्या पोराला, आणि अनेक ठिकाणी पैसेही त्याच्याच पगारातून कापले जातात. त्याहून वाईट म्हणजे बोट चिरडण्याचा धोका. म्हणून हे काम नीट समजून घेतले पाहिजे.

जुना आणि नवा, फरक काय?

जुन्या हँडब्रेकला एक तार असते. दांडा ओढला की तार ताणली जाते आणि मागची चाके आवळली जातात. दांडा सोडला की तार सैल. डोळ्यांना दिसणारे, हाताला कळणारे काम.

बटणाच्या हँडब्रेकची सुरुवात मोठ्या, महागड्या गाड्यांपासून झाली. २००१ साली आलेल्या बी.एम.डब्ल्यू. ७ सीरिजमध्ये तो होता. २००५ च्या फोक्सवॅगन पसाटमध्ये तर मोटर थेट मागच्या कॅलिपरवरच बसवलेली होती. आता ही गोष्ट श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. २०२० मध्ये आलेल्या ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या मॉडेलांत, महिंद्रा एक्स.यू.व्ही. ७०० च्या वरच्या मॉडेलात आणि टोयोटा इनोव्हा हायक्रॉसमध्ये हा ब्रेक आहे. म्हणजे टुरिस्टच्या धंद्यातल्या गाड्याही आता अशाच येत आहेत.

आतली रचना अशी आहे. कॅलिपरच्या पाठीवर एक लहानसा काळा डबा असतो. त्यात १२ व्होल्टची मोटर आणि गिअर असतात. ही मोटर एक स्क्रू फिरवते. त्या स्क्रूवर पिस्टनच्या पोटात एक नट चढलेला असतो. बटण ओढले की स्क्रू फिरतो, नट पुढे सरकतो, पिस्टनला आतून रेटतो आणि पॅड डिस्कवर घट्ट बसतात. मोटर किती करंट ओढते आहे, त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर ओळखतो की पुरेसे आवळले गेले, आणि मोटर थांबवतो. पायाचा ब्रेक मात्र पूर्वीसारखाच आहे. ब्रेक ऑइलच्या दाबाने तोच पिस्टन पुढे येतो.

आता नुकसान कुठे होते ते पाहा. नवा पॅड जाड असतो. तो बसवायचा तर पिस्टन मागे ढकलावा लागतो. पण आतला नट पुढे आलेला असेल तर पिस्टनला मागे जायला जागाच नसते. अशा वेळी सी-क्लँप लावून जोर केला की तो सगळा जोर नटावर, स्क्रूवर आणि गिअरवर येतो. आटे जातात किंवा गिअरचे दाते तुटतात. म्हणून या कामाचा पहिला नियम एकच : मोटरने नट मागे घेतल्याशिवाय पिस्टनला हात लावायचा नाही.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. तारेच्या हँडब्रेकचे मागचे पिस्टन बहुधा फिरवत फिरवत आत घालावे लागतात. मोटरच्या कॅलिपरचा पिस्टन बहुतेक गाड्यांत सरळ दाबायचा असतो. जुन्या मिस्त्रीचा हात सवयीने फिरवायला जातो. तो आवरावा, आणि आपल्या गाडीची रीत आधी कंपनीच्या पुस्तकात पाहावी.

सर्व्हिस मोड म्हणजे काय?

नट पूर्ण मागे नेऊन ब्रेकला तिथेच थांबवून ठेवण्याच्या अवस्थेला सर्व्हिस मोड म्हणतात. बहुतेक गाड्यांत स्कॅनर जोडून ‘मागचे पॅड बदलणे’ हा पर्याय निवडावा लागतो. काही गाड्यांत पेडल आणि बटण ठराविक क्रमाने दाबूनही तो लागतो. हा क्रम प्रत्येक गाडीचा वेगळा आहे. एका गाडीचा क्रम दुसरीवर चालवू नये. मोड लागला की मागून मोटरचा घुर्र आवाज येतो आणि पुढे दिवा किंवा सूचना दिसते. दोन्ही चाकांचा आवाज ऐकून खात्री करावी.

स्कॅनर नसला तर काही जण मोटरला बॅटरीच्या वायरी थेट लावतात. असे करू नये. थेट करंट दिला की मोटर कुठे थांबायचे ते जाणत नाही. शेवटाला जाऊन आपटते आणि गिअर तोडते. मोटरचे स्क्रू काढून आतला स्क्रू हाताने फिरवण्याची युक्तीही गॅरेजांतून चालते. मोटर बंदच पडली असेल तर नाइलाज म्हणून ती ठीक. पण रोजची रीत म्हणून नव्हे. नट कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळलेले नसते आणि शेवटी स्कॅनर लागतोच. ज्या गॅरेजात स्कॅनर नाही, त्यांनी हे काम घेऊ नये, यात कमीपणा नाही.

बोटे सांभाळा

ही मोटर माणसाला विचारून चालत नाही. पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद केले की हँडब्रेक आपोआप लागतो. काही गाड्यांत गरम डिस्क थंड होऊन आकसली की गाडी काही मिनिटांनी ब्रेक पुन्हा आवळते. टोयोटा प्रियससारख्या हायब्रिड गाडीत ड्रायव्हरचे दार उघडताच ब्रेकची यंत्रणा दाब तयार करू लागते. त्या क्षणी कॅलिपरमध्ये बोट असेल तर? म्हणून सर्व्हिस मोड लावल्यावर इग्निशन बंद करावे, किल्ली गाडीपासून दूर ठेवावी आणि स्टिअरिंगवर पाटी लावावी : ‘काम चालू आहे, बटण दाबू नये.’ पाटीला पैसे पडत नाहीत.

कामाचा क्रम

१. गाडी सपाट जागी घ्यावी. सर्व्हिस मोडमध्ये गाडीला हँडब्रेक उरत नाही, हे विसरू नये. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये, साधी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी.

२. बॅटरी भरलेली असावी. काम अर्धे असताना बॅटरी बसली तर मोटर तिथेच अडकते. शंका असेल तर चार्जर जोडून ठेवावा.

३. सर्व्हिस मोड लावावा. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा आणि गाडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून खाली हात घालू नये. वीट सांगून फुटत नाही.

४. एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. कॅलिपर काढला की तारेने वर टांगावा. ब्रेकच्या नळीवर किंवा मोटरच्या वायरवर त्याचा भार येऊ देऊ नये.

५. जुने पॅड नीट पाहावेत. आतला जास्त आणि बाहेरचा कमी झिजला असेल तर सरकत्या पिना अडकल्या असण्याचा संभव आहे. त्या साफ करून ब्रेकचे सिलिकॉन ग्रीस लावावे. डिस्कची कमीत कमी जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. मोजून पाहावी, त्याखाली गेली असेल तर डिस्कही बदलावी.

६. धुळीवर कॉम्प्रेसरची हवा मारू नये. एकेकाळी लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे. ॲस्बेस्टॉसने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केलेले आहे. स्वस्तातल्या मालात काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने धूळ पुसावी आणि तोंडाला मास्क लावावा.

७. ब्रेक ऑइलच्या डब्याचे झाकण सैल करावे आणि पिस्टन हळूहळू आत दाबावा. डब्यातली पातळी वर येते, तिच्यावर लक्ष ठेवावे. सांडलेले ऑइल रंग खाते. पिस्टन जात नसेल तर जोर वाढवू नये. थांबून सर्व्हिस मोड खरोखर लागला आहे का ते तपासावे.

८. नवे पॅड दोन्ही बाजूंना एकदमच बदलावेत. पॅडवर व डिस्कवर ग्रीसचा बोटही लागू नये. बोल्ट पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावेत.

९. आता सर्वांत महत्त्वाचे. दोन्ही बाजू बसल्यावर ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत सावकाश पंप मारावा. मगच सर्व्हिस मोड बंद करावा आणि स्कॅनर सांगेल तसे कॅलिब्रेशन करावे. पंप न मारता गाडी हलवली तर पहिले पेडल सरळ तळाला जाते आणि गाडी समोरच्या भिंतीवर.

१०. ऑइलची पातळी पाहावी. झाकणावर डॉट ४ लिहिले असेल तर तेच घालावे. नवे डॉट ४ निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा ओढते आणि मग ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून उघडी पडलेली जुनी बाटली वापरू नये. आपण ‘ऑइल’ म्हणत असलो तरी इंजिन ऑइल चुकूनही घालू नये. त्याने रबरी सील फुगतात आणि ब्रेक जातो.

शेवटी बटण दोन-तीनदा लावून-सोडून पाहावे, आणि कोणताही दिवा पेटलेला नाही ना, याची खात्री करावी. मग मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक तपासावा आणि लहानशा चढावर गाडी धरते का ते पाहावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर अचानक जोराचा ब्रेक टाळावा, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतात.

ड्रायव्हर मंडळींसाठी

पॅडचा मसाला सुमारे ३ मि.मी. उरला की बदलण्याची वेळ झाली असे समजावे. ब्रेक मारताना बारीक किंचाळणारा आवाज, ऑइलची खाली गेलेली पातळी, पेटलेला दिवा या सूचना आहेत. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरण्याआधी त्यांची दखल घ्यावी. मालक ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाला तर त्याला दाखवून द्यावे आणि वहीत तारीख टाकून ठेवावी. उद्या काही झाले तर ड्रायव्हरलाच धरले जाते.

गॅरेजातल्या तरुणांना एवढेच सांगणे की, मिस्त्री सांगतो म्हणून किंवा शेजारच्या गॅरेजात चालते म्हणून कोणतीही रीत उचलू नये. ती तशी का, हे विचारावे. पुस्तक मागून घ्यावे, स्कॅनर हाताळायला शिकावे. पाना फिरवणारे हात पुष्कळ आहेत. आत काय चालले आहे हे जाणून पाना फिरवणाऱ्याच्या पगारातून कॅलिपरचे पैसे कापण्याची वेळ सहसा येत नाही, आणि त्याने सोडलेल्या गाडीत बसलेले कुटुंब घाट सुखरूप उतरते.

पुढील अंकी : गाडीची बॅटरी वारंवार का बसते?