दाखवायचे दात

दात पांढरे करून घ्यायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमचे निम्मे नातेवाईक पहिल्या परिच्छेदालाच फोन उचलतील. आपण केस रंगवतो, भुवया कोरतो, चेहऱ्याला ब्लीच करतो, मग दातांनी काय घोडं मारलंय? ज्याला हवं त्याने करावं, स्वतःच्या पैशाने करावं आणि नीट डेंटिस्टकडे जाऊन करावं.

माझं भांडण दुसरंच आहे. दाताचा पिवळेपणा म्हणजे मळ, नाहीतर आजार, असं धरून बोललं जातं ना, त्याच्याशी. आणि असं बोलणाऱ्यांत फक्त आत्या-मामी नसतात, पांढरा कोट घातलेले लोकही असतात.

दात मुळात पांढरा नसतोच हो. वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, बरंचसं अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आतला डेंटिनचा थर पिवळसर असतो आणि आपल्याला दिसतो तो मुख्यतः त्याचाच रंग. सुळे तर शेजारच्या दातांपेक्षा जास्तच पिवळे असतात, प्रत्येकाचे. आरशात बघून या, मी थांबते. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, आतलं डेंटिन जाड होतं, आणि रंग आणखी गडद होतो. केस पिकतात तितकंच हे साधं आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या आया घाबरून डेंटिस्टकडे येतात, म्हणे, की नवीन दात पिवळेच आले! आलेले असतात ते बरोबरच, फक्त शेजारी दुधाचे दात असतात. ते खरोखरच दुधासारखे पांढरे, म्हणून तुलनेत नवे पिवळे दिसतात.

यातली गंमत अशी की घासघासून दात पांढरे करू जावं तर ते उलट पिवळे होतात. आमच्या लहानपणी गावाला राखुंडी असायची. आजोबा तर्जनीने असे खसाखसा घासायचे की आवाज अंगणापर्यंत यायचा. खरखरीत पूड आणि जोर, दोन्ही मिळून इनॅमल झिजवतात, आणि ते पातळ झालं की आतला पिवळा अधिक दिसतो. मग माणूस आणखी जोरात घासतो. हल्ली तीच राखुंडी चारकोल या नावाने सुंदर डबीत मिळते. असो.

तर दवाखान्यात नेमकं काय करतात? आधी दातांवरचं किटण आणि चहाचे डाग मशीनने काढतात. ते स्केलिंग. ही खरी सफाई, ती हिरड्यांसाठीही लागते, आणि पुष्कळांना एवढ्यानेच दात उजळल्यासारखे वाटतात. व्हाइटनिंग त्याच्या पुढचं. गाल आणि ओठ एका प्लॅस्टिकच्या चौकटीने ताणून ठेवतात (या अवस्थेत कुणीही रामलीलेतल्या राक्षसासारखं दिसतं), हिरड्यांवर एक लेप लावून तो प्रकाशाने घट्ट करतात आणि मग दातांवर जेल पसरतात. त्यात असतं हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुवायला आपण वापरतो ते ३ टक्क्यांचं असतं, इथलं साधारण २५ ते ४० टक्क्यांचं. हिरडीला लागलं तर ती पांढरीफटक पडते आणि चुरचुरते. पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं, असं दोन-तीनदा. पेरॉक्साइड दाताच्या आत झिरपतं आणि तिथल्या रंगीत रेणूंचे तुकडे करतं. म्हणजे मळ काढणं नव्हेच हे, रंग उडवणं आहे. पार्लरमध्ये याला सरळ ब्लीच म्हणतात. दवाखान्यात ट्रीटमेंट म्हणतात.

निळा दिवा लावतात त्याचा मोठा थाट असतो, पण दिव्याशिवायही जेल आपलं काम करतं. दिव्याने शेवटी फारसा फरक पडत नाही, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. खुर्चीतून उठताना आरशात जो झगझगीत पांढरा रंग दिसतो, त्यातला काही भाग दात तासभर कोरडे पडल्याचा असतो. पुढच्या काही दिवसांत तो थोडा उतरतो. म्हणून 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो त्याच बैठकीत काढायची घाई असते. सिमेंट, कॅप, कवळी यांचा रंग मात्र बदलत नाही, त्यामुळे समोरच्या एखाद्या दाताला कॅप असेल तर बाकीचे दात पुढे जातात आणि कॅप मागे राहते. हे आधी सांगायला हवं. सगळे सांगतातच असं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. भाचीची परवानगी घेऊनच लिहितेय. लिहिलेलं तिला वाचूनही दाखवलंय.

ताईचं लग्न झाल्यावर भाऊजींची नोकरी बरीच वर्षं यवतमाळ जिल्ह्यात होती. घरी बोअरचं पाणी. थंडगार, नितळ, चवीलाही चांगलं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत जमिनीखालच्या पाण्यात अनेक ठिकाणी फ्लोराइड जास्त आहे. आपल्याकडचं मानक लिटरला १ मिलिग्रॅमचं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त पाणी लहान मुलाने दात तयार होण्याच्या वयात, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंत, पित राहिलं की इनॅमल नीट घडत नाही. दात हिरडीतून वर येतात तेच खडूसारखे पांढरे पट्टे घेऊन, आणि पुढे त्यांवर तपकिरी डाग चढतात. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही. ताई मुलीसाठी रोज पाणी उकळत होती.

भाचीचे दात असे आहेत. ब्रश न करण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. उलट तिचा एकही दात किडलेला नाही. (हेसुद्धा जुनं निरीक्षण आहे. अमेरिकेत फ्रेडरिक मॅके नावाचा डेंटिस्ट १९०१ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला, तर गावातल्या लोकांचे दात तपकिरी, पण किडीला दाद न देणारे. कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे कळायला १९३१ उजाडलं.) शाळेत तिला "ब्रश करत जा गं" हे बाईंनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं. त्यानंतर ती हसताना तोंडावर हात न्यायला लागली. आज ती एकोणतीस वर्षांची आहे, इंजिनियर आहे, आणि परवापरवापर्यंत हात तसाच वर जात होता.

साखरपुड्याच्या दिवशी आपल्याच घरातल्या कुणीतरी तिला प्रेमाने सांगितलं, "फोटोत ओठ मिटून हस हं." आणि लग्नाच्या आधी "तेवढं दातांचं करून घे." कुणी ते मी लिहिणार नाही. ज्यांनी म्हटलं ते हे वाचतील, आणि त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे. पण त्या दिवसाचे फोटो बघा. नवरा मुलगा बत्तीशी दाखवतोय आणि आमची मुलगी पासपोर्टच्या फोटोसारखी उभी आहे.

मग आम्ही दोघी पुण्यातल्या एका दवाखान्यात गेलो. रिसेप्शनवरच लॅमिनेट केलेलं 'ब्रायडल पॅकेज' होतं, स्केलिंग आणि व्हाइटनिंग मिळून पंधरा हजार. डॉक्टरांनी तोंडात तीसेक सेकंद पाहिलं असेल. "एका सिटिंगमध्ये होऊन जाईल" म्हणाले. हे फ्लोराइडचे डाग आहेत, हे त्यांनी नाही, भाचीने त्यांना सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "तेही उजळतील." ती अपॉइंटमेंट घेणार होती, मीच तिला म्हटलं, आणखी एकीला विचारू.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी तिला खिडकीपाशी नेलं, उजेडात दात पाहिले, शेड गाइडची पट्टी शेजारी धरली आणि स्वच्छ सांगितलं. एकाच बैठकीत कडक ब्लीच केलं तर पांढरे पट्टे सुरुवातीला जास्तच उठून दिसतील. घरी रात्री घालायचे ट्रे देते, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, म्हणजे हिशोबाने साडेतीन टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन पेरॉक्साइड. काही आठवडे लागतील. तपकिरी डागांचा वरचा अगदी पातळ थर मायक्रोअब्रेजनने काढू. तरीही दात एकसारखे होणार नाहीत. आणि काहीच केलं नाही तरी तुझ्या दातांना धोका नाही. मग पेन खाली ठेवून विचारलं, "तुला हवंय, की कुणी सांगितलं म्हणून?"

भाची जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दोन्ही."

या उत्तराशी मी अजून झगडतेय. कारण तिने ते केलं. पाच आठवडे रोज रात्री ट्रे घातले, मधूनच दातात विजेसारखी कळ जायची तेव्हा दोन-दोन दिवस थांबली, डाग पुसट झाले, पट्टे राहिले. आणि ती खूश आहे. हात खाली आलाय. मग मावशी, तुझी तक्रार कशाबद्दल, असं तिनेच मला विचारलं.

तक्रार अशी आहे की शाळेतल्या त्या दिवसापासून तिला एकानेही सांगितलं नाही की यात तुझी काही चूक नाही. वीस वर्षं सगळ्यांनी उपाय तेवढे सांगितले. लिंबू-सोडा सांगितला, मीठ-मोहरीचं तेल सांगितलं, अमेरिकेतून पट्ट्या आणून दिल्या. (त्या पट्ट्या तिकडे २००१ पासून दुकानात सरसकट मिळतात. युरोपात मात्र २०११ च्या नियमानुसार ६ टक्क्यांपर्यंतचं पेरॉक्साइडसुद्धा डेंटिस्टमार्फतच, आणि अठराच्या आतल्यांना नाहीच. त्याहून कडक चालतच नाही.) पहिल्या दवाखान्यानेही तेच केलं. तिला काय झालंय ते न बघता विकायला काय आहे ते सांगितलं. डॉक्टरांनी कॉस्मेटिक काम करू नये असं मी म्हणत नाही. दुसऱ्या बाईंनीही पैसे घेतलेच की! फक्त त्यांनी आधी निदान केलं, आणि 'नको' म्हणायला जागा ठेवली.

आणि पांढऱ्याचं एवढं कौतुक काही पाश्चात्त्यांकडून आलेलं नाही, कुंदकळ्यांची उपमा आपलीच आहे. पण त्याच आपल्याकडे दातवण लावून दात काळे करायची रीत होती आणि तेही शोभेचंच मानलं जाई. माझी आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची. दात काळेकुट्ट, आणि त्याची लाज तिला कधी वाटली नाही. (तंबाखू वाईटच, तिच्या हिरड्यांनी त्याची किंमत मोजली. रंगाबद्दल बोलतेय.) जपानात लग्न झालेल्या बायका लोखंडाच्या आंबवलेल्या पाण्याने दात काळे करायच्या. १८७० मध्ये सरकारने सरदार घराण्यांना ते बंद करायला लावलं, १८७३ मध्ये सम्राज्ञीने स्वतः सोडलं, आणि काळे दात हळूहळू गावंढळ ठरले. दात तेच, बघणारे बदलले.

आता तर शेड गाइडमध्ये नैसर्गिक दातांत न सापडणाऱ्या पांढऱ्या छटा वेगळ्या घालाव्या लागल्यात, कारण लोकांना तसे दात हवेत. उलट आमच्या अण्णांची कवळी केली तेव्हा डॉक्टरांनी मुद्दाम पिवळसर छटा निवडली, वयाला शोभेल, खरी वाटेल म्हणून. अण्णांना ती इतकी आवडली की ते चार लोकांत काढून दाखवतात.

लग्न छान झालं. भाची हसली, जेवताना, सप्तपदीत, पाठवणीच्या वेळी रडता रडतासुद्धा. मागच्या आठवड्यात अल्बमचा नमुना आला. फोटोग्राफरने न विचारता कॉम्प्युटरवर सगळ्यांचेच दात चुन्यासारखे पांढरे करून टाकलेत, अण्णांच्या कवळीसकट. भाचीने तो परत पाठवलाय, पट्टे परत आणा म्हणून. तेव्हा अल्बम कधी येणार असं विचारणाऱ्यांनी अजून पंधरा दिवस धरावेत.