चार आणे गारा, बारा आणे पाऊस

मार्च २०१४. नारायणगडाच्या वाटेवरच्या एका टपरीवर चहा घेत होतो. आभाळ भरून आलेले होते आणि बाकावरच्या मंडळींत वाद रंगला होता : पाऊस येणार की गारा? मराठीचा प्राध्यापक असल्याने सुरुवातीला माझे लक्ष बोलीच्या लकबींकडेच होते. वादाचा विषय किती गंभीर आहे, हे थोड्या वेळाने उमगले.

ज्याचा गहू पिवळा होऊन शेतात उभा आहे, त्याच्या दृष्टीने या दोन शक्यतांची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. नुसता पाऊस येणार असेल तर गहू उभाच ठेवलेला बरा. रंग जाईल, पण ऊन पडताच ओंब्या वाळतील. कापून जमिनीवर पसरलेला गहू मात्र भिजून कुजतो. उलट, गारा पडणार असतील तर उभ्या पिकाचे दाणे मातीत झडतात. तेव्हा मिळतील तेवढी माणसे लावून, रात्र जागवून कापणी उरकायची आणि गंजीवर ताडपत्री ओढायची. त्या पंधरवड्यात मराठवाड्यातील अनेक गावांत गारांचा खच पडला, रब्बीची पिके आणि फळबागा झोपल्या. शेजारशेजारच्या गावांचे नशीबही सारखे नव्हते.

तसे पाहता बीड समुद्रापासून दूर आहे. तरीही आमचे आभाळ समुद्राच्या मर्जीवरच चालते. २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्रच्या किनाऱ्याला धडकलेल्या ‘गुलाब’ चक्रीवादळाचा अवशेष जमिनीवरून सरकत मराठवाड्यावर आला आणि अतिवृष्टी करून गेला. पुढे अरबी समुद्रात पोचून त्याचेच ‘शाहीन’ झाले. तेव्हा गारांचा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण पावसाळी वादळात हवेचे थर उंचापर्यंत उबदार असतात. मार्चमध्ये खालचा समुद्री ओलावा आणि वरची थंड, कोरडी हवा एकत्र येतात. गडगडाटी ढगातला वर चढणारा प्रवाह थेंबांना गोठणपातळीच्या वर उचलून धरतो. तो प्रवाह किती जोरकस असेल, यावर पाणी की बर्फ हे ठरते, आणि नेमक्या कोणत्या शिवारावर हे घडेल ते आदल्या दिवशी कोणालाच ठामपणे सांगता येत नाही.

असाच पेच अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हिवाळ्यात पडतो. वादळ किनाऱ्याच्या थोडे जवळून गेले की वरच्या थरात उबदार हवा शिरते आणि हिमवृष्टीऐवजी पाऊस व बर्फाचे खडे पडतात. १४ मार्च २०१७ च्या वादळात न्यूयॉर्क शहरात फूट-दीड फूट बर्फाचा इशारा होता. सेंट्रल पार्कमध्ये पडला साडेसात इंचांच्या आसपास. किनाऱ्यापासून आत मात्र काही ठिकाणी अडीच फुटांहून अधिक थर साचला. नंतर बाहेर आले की, किनाऱ्यावरील मोठ्या शहरांत बर्फ कमी पडेल, अशी चिन्हे तेथील राष्ट्रीय हवामान सेवेच्या तज्ज्ञांना आदल्या दुपारीच दिसली होती. पण अंदाज सारखा बदलला तर लोक गोंधळतील, गाफील राहतील, या विचाराने त्यांनी आकडा तसाच ठेवला.

हेतू वाईट नव्हता. बर्फाच्या खड्यांनी निसरडे झालेले रस्तेही घातकच असतात. तरीही हा निर्णय मला चुकीचा वाटतो. वाचकाला शंका पेलणार नाही असे गृहीत धरून त्याच्या हाती खोटी निश्चिती ठेवणे, हा त्याचा अवमान आहे. एकदा ते उघड झाले की पुढचा खरा इशाराही संशयित ठरतो.

आपल्याकडचे दुखणे थोडे वेगळे आहे. हवामान खात्याची भाषा प्रामाणिक असते, पण ती वाचायला कोणी शिकवत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांवर आपण हसतो. वस्तुतः पावसाच्या संदर्भात त्यांचा अर्थ नेमका आहे : त्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंतची केंद्रे. ‘जोरदार’ पाऊस म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर वा अधिक. हा अर्थ न पोचल्याने छातीठोकपणे तारीख सांगणारा माणूस गावाला अधिक विश्वासाचा वाटतो.

येथे आपणा साहित्याच्या अध्यापकांचा संबंध येतो. एम्प्सनचा १९३० चा ग्रंथ पुढ्यात ठेवून आपण कवितेतील अनेकार्थतेचे कौतुक शिकवतो. परंतु कवितेत अनेक अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. अंदाजातील दोन शक्यतांपैकी एकच खरी होणार असते, फक्त ती अजून कळलेली नसते. संदिग्धता आणि अनिश्चितता यांतला हा फरक आपण वर्गात कधी उलगडून दाखवत नाही. ‘शक्यता’, ‘संभव’, ‘चिन्हे’, ‘खात्री’ या शब्दांच्या पायऱ्या विद्यार्थ्याला दिसल्या पाहिजेत. हे भाषेचेच शिक्षण आहे.

लोकांना शक्यता समजत नाही, हा आक्षेप मला मान्य नाही. पिकाचा अंदाज रुपयाच्या हिश्शांत मांडणारी आणेवारी महसुलाच्या दप्तरात आणि गावाच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहे. आज ती पैसेवारी म्हणून चालू आहे. त्या टपरीवर एका वृद्ध शेतकऱ्याने वाद मिटवताना म्हटले होते, “चार आणे गारा, बारा आणे पाऊस.” मग त्यांनी अर्धा गहू कापायचा आणि अर्धा उभा ठेवायचा, असे ठरवले. त्या शेताचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी ऐकलेल्या वाक्यांत सर्वांत नेमके वाक्य तेच होते, आणि ते आमच्या कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नव्हते.