अनुभवाच्या नावाखाली वेठ

म्हैसूर शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर, कबिनी नदीच्या काठी, सरगूर हे तालुक्याचे गाव आहे. आसपास कापूस आणि तंबाखू पिकतो. जवळच १९७४ साली पूर्ण झालेले कबिनी धरण आहे. पलीकडे बंडीपूर व नागरहोळेची जंगले आहेत आणि त्या जंगलांतून बाहेर काढल्या गेलेल्या जेनू कुरुब आदिवासींच्या हाड्या, म्हणजे पाडे, आहेत. अशा मुलखातील शेतमजुराचा मुलगा किंवा मुलगी मोठ्या कष्टाने पदवीपर्यंत पोहोचते, तेव्हा तिला नवा हुकूम ऐकवला जातो : एखाद्या आस्थापनेत जाऊन कामाचा अनुभव घ्या, जागा तुमची तुम्ही शोधा आणि प्रमाणपत्र आणून द्या.

जागा शोधायची कोठे? सरगूरच्या विद्यार्थ्याला जवळचे कारखाने म्हणजे नंजनगूडचे किंवा थेट म्हैसूरचे. तेथे त्याची ओळख नाही, आणि ओळखीवाचून फाटकावरचा पहारेकरीही आत सोडत नाही. शहरातील अधिकाऱ्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या मुलाला हीच जागा वडिलांच्या एका दूरध्वनीवर मिळते. २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना सरकारी बसप्रवास मोफत आहे, म्हणून मुलींची निदान गाडीभाड्यातून सुटका झाली. परंतु खोलीचे भाडे, खानावळीचा खर्च आणि त्या आठवड्यांत बुडणारी शेतावरची मजुरी कोण भरून देणार? भांडवलदारी वृत्तपत्रे यावर उपदेश करतात की अर्ज नेटका लिहा, इस्त्रीचे कपडे घाला, मुलाखतीत आत्मविश्वासाने बोला. जणू सरगूरच्या मुलांना जागा मिळत नाही ती इस्त्रीअभावी!

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिक्षणाला श्रमाची जोड देण्यास कम्युनिस्टांचा विरोध नाही. उत्पादक श्रम आणि शिक्षण यांचा मेळ घालणे ही मार्क्सचीच मागणी होती. आपल्या देशातही १९३७ साली वर्ध्याला नई तालीमचा विचार मांडला गेला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला, आणि १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. या सर्व विचारांत काम पुरवण्याची जबाबदारी शाळेची आणि समाजाची होती. आज मात्र ती विद्यार्थ्याच्या डोक्यावर टाकून शासन मोकळे झाले आहे. विरोध आहे तो या लबाडीला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ६० ते १२० तासांच्या अनुभवाची तरतूद केली. महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी त्याला चार श्रेयांक दिले गेले. श्रेयांक ठरले, तास ठरले, पण विद्यावेतन मात्र ठरले नाही! ज्या कामातून मालकाला फायदा होतो, त्या कामाचा मोबदला ‘अनुभव’ या नाण्यात चुकवायचा. हे नाणे ना किराणा दुकानात चालते, ना खानावळीत.

केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना ५०० बड्या कंपन्यांत उमेदवारी देण्याची घोषणा केली. महिना ५,००० रुपये, त्यांतले ४,५०० सरकारी तिजोरीतून आणि कंपनीच्या वाट्याला अवघे ५००! म्हणजे श्रम कंपनीसाठी आणि खर्च जनतेचा. पहिल्या फेरीत सव्वा लाखाहून अधिक जागा जाहीर झाल्या. त्यांपैकी सुमारे २८ हजार तरुणांनी होकार दिला, आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते नऊ हजारांहूनही कमी. ठिकाण, कामाचे स्वरूप आणि लांबलचक मुदत ही कारणे सरकारनेच सांगितली. याचा सरळ अर्थ असा की पाच हजारांत परगावी राहून जगता येत नाही. सरगूरच्या कोणत्याही मजुराने हा हिशेब मंत्र्यांना आधीच सांगितला असता.

उमेदवारी पदरात पडली तरी पुढे काय? सरगूरच्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिस कंपनीने आपल्या म्हैसूरच्या केंद्रातून अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण न झाल्याचे कारण देऊन तीनशेच्या वर प्रशिक्षणार्थींना काढून टाकले. त्यांतील अनेकांनी नेमणुकीसाठी दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली होती. तक्रार झाली, चौकशी झाली, आणि हे कायम कर्मचारी नव्हेत, शिकाऊ आहेत, म्हणून कामगार कायद्याचा भंग झालेला नाही असा निर्वाळा मिळाला. वर्मावर बोट ठेवायचे ते येथेच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या १८ व्या कलमाने शिकाऊ हा कामगार नव्हे असे ठरवले. २०१९ च्या वेतन संहितेनेही त्याला ‘कर्मचारी’ या व्याख्येतून वगळले. महाविद्यालयीन विद्यार्थी तर बहुधा त्या कायद्याखाली नोंदलेलाही नसतो. त्यामुळे शिकाऊला मिळणारे विद्यावेतन व अपघाताची भरपाईही त्याच्या वाट्याला येत नाही. काम करताना तो मजूर, हक्क मागताना तो विद्यार्थी!

महाराष्ट्राचा अनुभव वेगळा नाही. २०२४ साली निवडणुकीच्या तोंडावर सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार ६, ८ आणि १० हजार रुपये देऊन तरुणांना सहा महिन्यांसाठी कचेऱ्यांत बसवले गेले. पुढे पाच महिन्यांची मुदतवाढ मिळाली. रिकामी पदे भरायची नाहीत आणि त्यांवरील काम प्रशिक्षणार्थींकडून करून घ्यायचे, हा त्यातील डाव होता. शेवटी रोजगाराच्या मागणीसाठी याच तरुणांना रस्त्यावर उतरावे लागले.

मालक म्हणतात, नवशिक्याला पैसे दिले तर आम्ही त्याला घेणारच नाही. हाच युक्तिवाद बालमजुरीवरील बंदीच्या आणि आठ तासांच्या दिवसाच्या वेळीही झाला होता. कारखाने बंद पडले नाहीत. तसेच फुकट राबणाऱ्या विद्यार्थ्यामुळे शेजारच्या कंत्राटी कामगाराची मजुरी खाली येते, म्हणून हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्यांचा नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. जागा मिळवून देण्याची जबाबदारी महाविद्यालयाची व शासनाची असावी. विद्यावेतन किमान वेतनाच्या प्रमाणात आणि मालकाच्या खिशातून द्यावे. प्रवासखर्च, निवास आणि अपघात विमा मिळावा. सरगूरसारख्या तालुक्यात पाटबंधारे कचेरी, आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत आणि सहकारी सोसायट्यांत अशा सवेतन जागा निर्माण कराव्यात. कबिनीच्या पाण्याचे वाटप आणि हाड्यांवरील कुपोषण हे अभ्यासाचे विषय आहेत, आणि ते गावातच आहेत.

खरी तयारीही हीच आहे. कामावर जाण्यापूर्वी तास, काम व विद्यावेतन यांचा लेखी करार घ्यावा, रोजच्या कामाची वही ठेवावी, आणि पहिल्या दिवशीच तेथील कामगार युनियनची गाठ घ्यावी. युनियननेही या मुलांना परके मानू नये. जेथे पक्षाची शाखा आहे, तेथे विद्यार्थी आणि कामगार यांची ही गाठ घालून देणे हे शाखेचे काम आहे. एकट्याने अर्ज घेऊन दारोदार फिरणाऱ्याला मालक ओळखत नाही. संघटनेला मात्र त्याला ओळखावेच लागते.