एक तार, दोन पेट्या

झाशीत मराठी माणूस मराठ्यांच्या राजवटीपासून आहे. आमच्या मामांचे घराणे मात्र नंतरचे, रेल्वेच्या नोकरीने आलेले, आणि म्हणून वस्ती नगऱ्यात. घरात बोलणे मराठी, दारात हिंदी आणि संध्याकाळचे गाणे ग्वाल्हेरचे, असा त्या घरचा रिवाज. निवृत्तीनंतर मामांना गाणे ऐकण्याखेरीज दुसरे व्यसन उरलेले नाही. त्यांच्या चिरंजिवांनी मोठ्या हौसेने सबवूफर, म्हणजे केवळ खर्जाचे स्वर काढणारी पेटी, आणून दिली आणि सोय म्हणून ती खोलीच्या कोपऱ्यात सारून ठेवली. चारच दिवसांत शेजारच्या अम्मांची सून दारात उभी राहिली. अम्मा अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचा पलंग मधल्या सामाईक भिंतीलगत. “मामाजी, गाना तो सुनाई नहीं देता, बस छाती में धमक होती है,” ती म्हणाली. कित्येक वर्षांचा शेजार, पण त्या दिवशी मामींनी पाठवलेली वाटी तशीच परत आली.

पाव्हणा म्हणून गेलेल्या मला हे प्रकरण निस्तरण्याचे काम मिळाले. सुनेचे म्हणणे शब्दशः खरे होते. वरचे स्वर विटांच्या भिंतीत बहुतेक अडतात. खालचे स्वर सहज पलीकडे जातात. कायद्याचे मापही येथे फारसे कामाचे नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; पण ते मोजमाप कानाच्या संवेदनेला धरून असल्यामुळे दर सेकंदास ४० कंपनांच्या नादातून सुमारे ३५ डेसिबल वजा होतात. यंत्र निर्दोष ठरवील आणि अम्मांच्या फळीवरची भांडी मात्र वाजत राहतील.

मामांची तक्रार निराळीच होती. “आवाज मोठा झाला रे, पण तंबोरा फुटला,” ते म्हणाले. हा शब्द मला फार मार्मिक वाटला. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गवयाचा षड्ज दर सेकंदास सुमारे १३९ कंपनांचा असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास. पण ती तार छेडली की ६९बरोबर १३९, २०८, २७७ असे वरचे स्वयंभू स्वरही निघतात, आणि जवारीची सारी गोडी त्यांच्यात असते. आता सबवूफर व मुख्य स्पीकर यांच्यातील सीमा, जिला क्रॉसओव्हर म्हणतात, ती बहुधा ८०वर ठेवलेली असते. म्हणजे एकाच तारेचा पाया एका पेटीतून आणि बाकीचे अंग दुसऱ्या दोन पेट्यांतून! या पेट्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर तार फुटणारच.

मामांच्या घरी तीन चुका एकत्र नांदत होत्या. पहिली कोपऱ्याची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तेव्हा बारा फुटी खोलीत दर सेकंदास सुमारे ४७ कंपनांचा नाद दोन भिंतींत नेमका बसतो आणि घुमतो. दहा फुटांच्या बाजूने तसेच ५६चे. कोपऱ्यातील पेटी हे सारे घुमारे एकदम उठवते, आणि मामांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, जेथे ते सर्वांत जोराने ऐकू येतात. यावर जुना उपाय असा, की पेटी ऐकणाऱ्याच्या जागी ठेवावी, गाणे लावावे आणि आपण भिंतीच्या कडेने ओणवे होऊन फिरावे. जेथे खर्ज सारखा व स्वच्छ ऐकू येईल तेथे पेटी न्यावी. मी गुडघ्यांवर रांगत असताना मामी पदराआड हसत होत्या; परंतु जागा सापडली, दोन स्पीकरांच्या मधोमध, भिंतीपासून हातभर पुढे. खुर्चीही दीड फूट पुढे ओढली.

दुसरी चूक सीमेची. पेटीवरील क्रॉसओव्हरचे बटण १२०वर होते आणि मुख्य स्पीकर गाळणीविना आपल्या सामर्थ्याइतके खाली जात होते. मधल्या पट्ट्यात दोघेही तेच गात होते. म्हणून बायाँ जाडा झाला होता. शिवाय १२०इतका वरचा स्वर कोठून येतो हे कानाला कळते, आणि तंबोरा कोपऱ्यात बसल्यासारखा वाटतो. मुख्य स्पीकर एकटे वाजवून ते कोठे थकतात ते ऐकले आणि बटण ७०च्या आसपास आणले.

तिसरी चूक फेजची. एका पेटीचा पडदा पुढे येत असताना दुसऱ्या पेटीच्या आवाजाची लाट उलट येऊन पोहोचली, तर दोन्ही लाटा एकमेकींना खातात. मग माणूस खर्ज कमी पडला असे समजून पेटीचा आवाज वाढवतो, आणि तो वाढलेला आवाज जातो शेजाऱ्याकडे! मामांनी नेमके हेच केले होते. सीमेवरचा एक अखंड स्वर लावून फेजचे बटण ० व १८० असे फिरवून पाहिले. १८०वर खुर्चीपाशी स्वर एकदम भरला. त्यानंतर पेटीचा आवाज निम्म्याहून खाली आणला, तरी मामांना काही कमी वाटले नाही.

पेटीखाली जाड रबराचे तुकडे घातले, तेवढी थरथर फरशीत उतरू नये म्हणून. भिंतीतून जाणारा नाद त्याने थांबत नाही, हे मामांना स्पष्ट सांगितले. रात्री दहानंतर पेटी बंद ठेवण्याचे त्यांनी स्वतःच ठरवले. तंबोऱ्याचा खर्ज तेव्हाही ऐकू येतोच. वरचे स्वयंभू स्वर मिळाले, की नसलेला पाया कान आपणच पुरवतो. लहानशा रेडिओवरही आपण खर्ज ऐकत आलो तो यामुळेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी शेजारी जाऊन अम्मांच्या पलंगाशी बसल्या आणि इकडे मामांनी गाणे लावले. पाऊण तासाने परतल्या त्या हातात वाटी घेऊन. “डोळा लागला होता त्यांचा,” एवढेच म्हणाल्या, आणि वाटीतले आवळ्याचे लोणचे बरणीत काढून ठेवले.